कमरेएवढी भिंत

पंकजाने चपलाही न काढता स्वयंपाकघर गाठलं आणि मोबाईल थेट परातीवर धरला.

“ताई, जमलं! बघा तरी.”

“अगं, हात पिठाचे हायेत माझे,” म्हणत रोहिणीने मान वाकवली. कांद्याच्या मुळाच्या टोकाचा फोटो होता. हिरव्या चमकत्या पेशी, दाटीने बांधलेल्या खोल्यांसारख्या.

रोहिणी तिची मोठी जाऊ. पंकजाचं संशोधन चाललं होतं ते हिच्याच जिवावर. लेक मनवा तर हिच्याच कुशीत वाढली. पण विहिरीच्या मोटारीवरून दोघा भावांचं बिनसलं, वाटणी झाली आणि पुणतांब्यातल्या त्या घरात मधोमध भिंत चढू लागली. ती आता कमरेला आली होती. जावांना कुणी विचारलंच नव्हतं; दोघींनाही ती भिंत नकोच होती.

“एका पेशीच्या दोन होताना मधे भिंत उठते,” पंकजा सांगू लागली. “तिचा माल इवल्या पिशव्यांतून येतो. त्या पिशव्यांचं आवरण स्निग्ध, तेलकटच म्हणा. त्यातला एक स्निग्ध पदार्थ मी बनूच दिला नाही, तर भिंत अर्ध्यातच थांबली!”

“आन् पेशी मेली?”

“छे! दोन्ही केंद्रकं एकाच खोलीत. मजेत.”

रोहिणी खळखळून हसली. बाहेर भिंत बांधणाऱ्या आसाराम गवंड्याची थापी वाजत होती, तिकडे तिने कान दिला. त्याचं दुपारचं जेवण घरातूनच जाई, वर तुपाची धार. तिने तुपाचा डबा उचलून फळीवर मागे सरकवला.

त्या दिवशी आसारामच्या ताटात कोरडी भाकरी आणि बिनतेलाचा ठेचा गेला. पुढचे दिवसही तेच. अखेर त्याने थापी धुऊन पिशवीत टाकली.

“वैनी, नेवाशाला मोठं काम आलंय. दिवाळीनंतर बगू.”

संध्याकाळी दोघे भाऊ त्याच्या नावाने खडे फोडत बसले. एकाच बाजेवर, कितीतरी दिवसांनी. भांडायला तिसरा मिळाल्यावर मोटारीची आठवण कुणालाच राहिली नाही.

कोरड्या भाकरीचं गूढ पंकजाला तेव्हा उकललं. ती हसू दाबत भिंतीपाशी आली. पलीकडून रोहिणीने वाटी पुढे केली. शिरा तुपाने नुसता निथळत होता.

“गुपचूप खा,” रोहिणी म्हणाली, “आन् दिवाळीत त्या आसारामला फराळाला बोलवू नगंस.”