मखराची जागा

दुपारी सानपाड्याची आमची बिल्डिंग झुलली. भूकंपाचं केंद्र दूर साताऱ्याकडे होतं, तिथं घरं पडली. इथं आठव्या मजल्यावर जमीन होडीसारखी डुलत राहिली, थांबेचना. आमच्या छोट्या लेकीला, जाईला, आज झोप येत नव्हती म्हणून ती माझ्या कडेवर होती. तिच्या पलंगावर, बरोबर उशीवर, कपाटावरचं गणपतीचं सागवानी मखर कोसळलं.

संध्याकाळी इंजिनिअर म्हणाले, भेगा गिलाव्यातल्याच आहेत, वर जा. लोक गेले. मी जाईला घेऊन पार्किंगमध्येच बसले.

"आज वर झोपायचं नाही," मी सुयशला सांगितलं.

"आणि उद्या?" नवऱ्यानं विचारलं.

सासरे शेजारी टेकले. "सूनबाई, आमच्या पाटणला असला धक्का बसला तरी कपातला चहा सांडत नव्हता."

"मग मगाशी टीव्हीचा रिमोट घेऊन आठ मजले कोण पळालं?" सासूबाई म्हणाल्या. दुपारपासून पहिल्यांदाच मला हसू आलं.

तेवढ्यात मी बोलून टाकलं. "आई, मखर खाली ठेवणार असाल तर मी वर येते."

देवाची वस्तू पायाशी नको म्हणून सासूबाईंनीच ते सगळ्यात उंच ठेवलं होतं. गेल्या वर्षी मी विषय काढला तर अबोला धरला होता.

"जमिनीवर नाही," त्या म्हणाल्या. "पाटावर ठेवू, वर धुतलेलं वस्त्र घालू. पोरीच्या डोक्यावर बसायला देवाला तरी कुठं आवडतंय."

आम्ही वर गेलो. शेजारच्या कुंदननं ड्रिल आणलं. कपाट भिंतीला जखडलं, मखर पाटावर गेलं, वरच्या बॅगा, डबे खाली आले. मग तेच ड्रिल सहाव्यावर गेलं, मग तिसऱ्यावर. भिंतींतून घरघर येत राहिली.

जेवताना पुन्हा हादरा आला. आमटी हिंदकळली, पंखा डोलला. आम्ही सगळे टेबलाखाली शिरलो. कपाट करकरलं, पण जागचं हललं नाही.

"आजी, मखराला पण आत घ्यायचं?" जाईनं विचारलं.

"त्याला नको. तू इकडं सरक," म्हणत सासूबाईंनी तिला कुशीत ओढलं.

सगळं थांबल्यावर मी जाईचा पलंग पुसला आणि नवी चादर अंथरली.