आईसाठी पराग

मधपेट्या सांभाळण्यात त्याची पंचवीस वर्षं गेली होती, पण गेल्या महिन्यात त्याच्या अकलेने पार सुट्टी घेतली.

आई आजारातून उठली ती निम्मी होऊनच. डॉक्टर म्हणाले, अंगात ताकद आली पाहिजे. मग काय, घरात फुलांचा पराग असताना दुसरं शोधायचं कशाला? माश्या पायांना चिकटवून आणतात ते पिवळे गोळे लोक ताकदीसाठी लांबून येऊन नेतात, मग स्वतःच्या आईने काय घोडं मारलंय? त्याने आठही पेट्यांच्या दारांना जाळ्या लावल्या. जाळीतून आत शिरताना माशीच्या पायाचा गोळा खालच्या ट्रेमध्ये पडतो. जाळी एक दिवस लावायची, दोन दिवस काढायची, हे तोच इतरांना शिकवायचा. पण आईचा डबा भरायचा होता ना! जाळ्या तीन आठवडे तशाच राहिल्या.

आता गंमत बघा. डबा रोज रिकामा होत होता आणि आई वाळत चालली होती. बाहेर फुलं रग्गड, तरी पेट्या हलक्या. त्याने आतल्या अळ्या, माश्यांची पिल्लंच ती, तपासल्या. रोग नाही, कीड नाही. साखरेचं पाणी ठेवलं, माश्यांनी ते संपवलं, तरी अळ्या सुकलेल्याच. बिचाऱ्याचं डोकंच चालेना.

"आई, आता दोन चमचे घेत जा."

"घेते हो," आई म्हणाली.

एका दुपारी चष्मा विसरला म्हणून तो घरात आला. आई खिडकीशी बसली होती. हात बाहेर काढलेला, तळहातावर पराग आणि त्यावर माश्यांची ही झुंबड!

"अगं, हे काय चाललंय?"

"दिसत नाही? जेवायला वाढतेय."

"ते तुझ्यासाठी आहे!"

"त्यांच्या पिल्लांचं अन्न आहे ते. दारातच काढून घेतोस आणि वर रोग शोधत बसतोस! जाळ्या काढ म्हणून चारदा सांगितलं. तू म्हणालास, आजारपणात काहीही बडबडतेस."

म्हणाला होता खरा. शरमेने त्याचे कान तापले.

"पण मग तुला ताकद कशी यायची?"

"येईल, नाहीतर नाही येणार. माझं सगळं होऊन गेलंय रे. त्यांचं अजून व्हायचंय."

तो बाहेर गेला आणि एकेक जाळी उपटून काढू लागला. रडू पेट्यांसाठी येतंय की आईसाठी, हे काही केल्या त्याला कळेना.