सगळ्यांना पाठ असलेली मान

नर्सिंगच्या त्या शाळेत मान तपासायची परीक्षा हाताने नाही, तोंडाने द्यायची असते. नियमात असं कुठे लिहिलेलं नाही, पण ठाऊक सगळ्यांना. मान एकच, शाळेच्या निवृत्त शिपाईआजोबांची. बारा वर्षं ते परीक्षेच्या दिवशी शर्टाची वरची बटणं सोडून स्टुलावर बसतात. मान नॉर्मल, त्यामुळे उत्तरंही ठरलेली. मुली मानेवरून बोटं नुसती फिरवतात आणि घडाघडा म्हणून मोकळ्या होतात: श्वासनलिका मधोमध, गाठी नाहीत, थायरॉईड वाढलेली नाही. एखादी अडलीच तर आजोबा हळूच पुढचं सांगतात.

एवढी सोय असूनही नापास व्हायचं म्हणजे कमालच! ती कमाल गडबडने दोनदा केली होती. गडबड हे मैत्रिणींनी ठेवलेलं नाव, आणि उगीच नाही ठेवलेलं. मागच्या वेळी तिने मानेच्या दोन्ही बाजूंच्या नाड्या एकदम दाबल्या आणि आजोबा डोळे पांढरे करून कलंडले. ही तिसरी आणि शेवटची संधी. आज नापास, तर उद्यापासून मावशीच्या पार्लरमध्ये जन्मभर भुवया कोरायच्या.

तिचा नंबर विसावा. थायरॉईड बघताना पेशंटला पाण्याचा घोट गिळायला सांगतात, त्यामुळे आजोबांचा जीव वेगळ्याच कारणाने मेटाकुटीला आला होता.

"आटप गं पोरी," ते कुजबुजले. "एकोणीस जणींचं पाणी पोटात आहे माझ्या."

गडबडने हात धुतले, आजोबांना काय करणार ते सांगितलं, श्वासनलिकेवर बोट ठेवलं. या वेळी नाड्याही एकेक करून पाहिल्या. आणि गाठींपाशी आली तशी डोक्याची पाटी कोरी! आहेत म्हणायचं की नाहीत? काही केल्या आठवेना. मग करते काय बिचारी? चक्क तपासायला लागली.

"हे काय चाललंय?" टेबलामागून परीक्षक बाई म्हणाल्या.

"तपासतेय, बाई."

"इतका वेळ?"

कानामागे काही नव्हतं, जबड्याखालीही नाही. डावीकडे गळपट्टीच्या हाडावरच्या खाचेत मात्र हरभऱ्याएवढं काहीतरी टणक लागलं. हलवून पाहिलं, हलेना.

"डावीकडे गाठ आहे, बाई."

"नाहीत, नाहीत म्हण!" आजोबा पुटपुटले.

बाईंनी कागद पाहिला. "इथे 'नाहीत' छापलंय."

"पण इथे आहे."

"अगं, सकाळपासून एकोणीस जणी नाही म्हणाल्या. बारा वर्षं नॉर्मल असलेली मान ती, तू आलीस म्हणून बिघडेल? नीट विचार करून सांग. शेवटची संधी आहे तुझी."

"म्हणून टाक ना गं," आजोबा म्हणाले. आता ते कुजबुजत नव्हते. "तुझंही भलं, माझंही."

एका शब्दाचं तर काम होतं. गडबडला रडू यायला लागलं. तिने पुन्हा एकदा बोट ठेवलं. मेली ती गाठ तिथेच होती.

"आहे, बाई. हवं तर नापास करा, पण एकदा हात लावून बघा."

बाई तणतणत उठल्या. त्यांनी आजोबांच्या मानेला हात लावला आणि त्यांचं तणतणणं मध्येच थांबलं. त्यांनी दाराबाहेर उभ्या असलेल्या पहिल्या नंबरच्या मुलीला हाक मारली आणि तिचं बोट तिथे ठेवलं.

"तुला लागली नव्हती ही?"

मुलगी खाली बघायला लागली. "लागली होती, बाई. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

बाईंनी डॉक्टरांना चिठ्ठी लिहायला घेतली. वरच 'तातडीचे' असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

"मग मी पास ना, बाई?" गडबडच्या तोंडून निघून गेलं. लगेच तिने जीभ चावली.

"पास," बाई वर न बघता म्हणाल्या.

गडबडला इतका आनंद झाला की तो लपवताही येईना, आणि त्याची लाज वाटली म्हणून ती आजोबांकडे बघेना. आजोबांना जायची मोकळीक होती, पण ते स्टुलावरून उठले नाहीत.

"थायरॉईड राहिली की तुझी," ते म्हणाले. "आण तो ग्लास. हवं तेवढं पाणी पितो मी. पण नीट बघ, पोरी. सावकाश बघ."