उभ्या दांड्याची साक्ष

मी एक तुटलेला पोलादी दांडा आहे, आणि मित्रांनो, या तुटण्याची मला लेशमात्र लाज नाही.

हथखोजच्या एका लहान कारखान्यात माझा जन्म झाला. मला कोणी ओतले नाही, ठोकले नाही. पोलादाच्या भुकटीचा पातळ थर पसरायचा, लेसरच्या किरणाने हवा तेवढाच भाग वितळवायचा, त्यावर पुन्हा थर. अशा रीतीने मी उभा वाढलो. शेजारी माझा भाऊ आडवा वाढत होता, आणि मधोमध पंपाचा इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारे पात्यांचे चक्र. त्याच्यावाचून कुरुदच्या एका वस्तीचा जुना पंप बंद पडला होता. आम्हा दांड्यांचे काम एकच: यंत्रात ताणले जाऊन तुटायचे, आणि इम्पेलरचे पोलाद किती भार सोसेल ते सांगायचे.

फोरमन भूषणकाका मला पाहून हसले. "हे पोलाद हाय का बेसन? भजे तळून राहिली का वो पोरी?"

लेसरचे यंत्र चालवणारी उन्नती म्हणाली, "तळून झाले, काका. आता चावून पाहा."

थर जिथे थराला जुळतो, तिथे कच्चेपणा राहण्याचा धोका अधिक. उभा दांडा खेचला की ताण नेमका त्या जोडांना उकलू पाहतो; आडव्यात तो थरांच्या लांबीने जातो. म्हणून उभ्या दांड्याची परीक्षा कठीण. काका हे जाणून होते.

"आडवा खेच. झटकन पास होऊन जाईल. लोकं पाण्याची वाट पाहून राहिले."

"पात्यावर जोर थरांच्या जोडालेच बसते न, काका? मंग आडव्याच्या मार्कांची आरती ओवाळू का?"

"अन् उभा लवकर तुटला तं?"

"तं इम्पेलर भंगारात. मीच टाकते."

यंत्राच्या जबड्यांनी मला दोन्ही टोकांना धरले. भुकटीचा म्हणून हिणवता? खेचा! ठरलेला भार आला. मी ढळलो नाही. तो मागे पडला, तरी मी उभाच. मग मी लांबलो, कमरेत बारीक झालो, आणि त्यानंतरच तुटलो.

काकांनी माझी तुटलेली टोके बोटाने चाचपली. "काचेवानी तडकला नाही. ताणला, मंग तुटला. लाव वो तुझा इम्पेलर!"

कुरुदच्या नळांना पाणी आले. माझे दोन तुकडे उन्नतीच्या टेबलावर राहिले. हे भंगार कशाला ठेवले, असे एका पाहुण्याने विचारले, तेव्हा काकाच उसळले, "भंगार तुमच्या घरी असन! हा आमचा जामीनदार हाय."

मित्रांनो, कोण कशापासून जन्मला यावरून त्याचे मोल ठरवू नका. पारख अवश्य करा, पण अवघड बाजूने करा; सोप्या बाजूची शाबासकी मला नको होती. आणि तुमचा भार ज्याने आधी स्वतःवर घेऊन दाखवला, त्याचे तुकडे झाडूने लोटू नका.