एकच नग

"एकच पीस चालेल काका, दोन नाही," काउंटरवरची मुलगी म्हणाली. बोलताना तिने बाबुरावांकडे बघितलंही नाही.

बाबुरावांनी मात्र तिच्या कोटाकडे नीट बघितलं. खांदा बोटभर खाली उतरलेला, कॉलरला पोक आलेलं. एवढी मोठी विमान कंपनी आणि आपल्या माणसांना असले कपडे घालून उभं करते. खोपटच्या एसटी डेपोसमोर त्यांनी आयुष्यभर कंडक्टरांचे खाकी शिवले होते. असला खांदा त्यांनी गिऱ्हाइकाला घरी नेऊ दिला नसता.

"तिकिटावर पंधरा किलो लिहिलंय," ते म्हणाले.

"पंधरा किलो, पण एकच पीस. तुमची सूटकेस जवळजवळ तेवढी भरतेय. त्या पिशवीत काय आहे?"

"शिलाई मशीन. पाय काढलेत, नुसतं वरचं आहे."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबुरावांनी वळून पाहिलं. हसणाऱ्या गृहस्थाने वजन वाचवायला एकावर एक तीन जाकिटं चढवली होती आणि तो घामाने निथळत होता. पलीकडे एक बाई फरशीवर बसकण मारून मुलीच्या बॅगेत स्वतःचे जोडे कोंबत होती. शेजारच्या रांगेतला एकजण मघापासून 'मी कोण आहे माहितीय का' असं विचारत होता आणि कुणालाच ते जाणून घ्यायचं नव्हतं. शिकलीसवरलेली माणसं, पण वजनकाट्यापुढे सगळ्यांचं तोंड भिकाऱ्यासारखं. बाबुरावांना त्यांची कीव आली नाही.

"जादा सामानाचे पैसे भरा, नाहीतर घरच्या कुणाकडे देऊन या," मुलगी म्हणाली.

ते सूटकेस आणि पिशवी घेऊन बाजूला झाले आणि त्यांनी मुलाला फोन लावला.

"सुमित, गेलास का तू?"

"मुलुंडला पोचलो बाबा. का?"

"मशीन घेत नाहीयेत. एकच नग म्हणतात."

"मी बोललेलो ना तुम्हाला! टाकून द्या तिथंच. पैसेबिसे भरत बसू नका, तेवढ्यात नवीन येईल."

"टाकून देऊ?"

"भंगार आहे बाबा ते. त्याच्यासाठी आता मी रिटर्न येऊ का?"

"नको. जा तू," बाबुराव म्हणाले.

याच भंगारावर सुमितचे शाळेचे गणवेश शिवले गेले होते. पहिल्या मुलाखतीला तो गेला तेव्हाची पँटही. आता तो घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये राहायचा आणि शर्टाच्या लेबलवरून माणूस ओळखायचा. दुकानाची इमारत पाडली तेव्हा बाबुराव मशीनसकट त्याच्याकडे आले. मशीन बाल्कनीत गेलं. पाहुणे आले की सून मेघना त्यावर चादर टाकायची. मग एक दिवस सुमितने बहिणीचं नाव काढलं. म्हणाला, "बाबा, दोन महिने रचनाकडे जाऊन या. बंगलोरची हवा मस्त आहे." सूटकेसही त्याने स्वतः भरली. ज्याने कधी स्वतःच्या रुमालाची घडी घातली नाही, त्याला एकदम बापाचा एवढा पुळका कसा आला, हे बाबुरावांना तेव्हाच खटकलं होतं.

काही काढून मशीन आत बसतं का बघावं, म्हणून त्यांनी सूटकेस उघडली. वर रोजचे शर्ट-पायजमे होते. त्याखाली चादर, स्वेटर, मफलर, विटलेले सदरे, कपाटाच्या तळाशी पडून असलेलं सगळंच. आणि अगदी खाली, टॉवेलात गुंडाळलेला, गेलेल्या बायकोचा, केशरबाईंचा फोटो. हॉलमधल्या भिंतीवरचा, फ्रेमसकट.

दोन महिन्यांसाठी कुणी आईला भिंतीवरून उतरवत नाही.

बाबुराव उकिडवे बसून राहिले. त्यांना रडू आलं नाही. आतली शिलाई कच्ची ठेवून वरून कडक इस्त्री मारणारे कारागीर त्यांनी बाजारात पुष्कळ पाहिले होते. त्यांच्याबद्दल वाटायचं, तेच आता वाटलं. फक्त हा घरातच तयार झाला होता.

त्यांनी फोटो बाजूला काढला. मग कपडे काढले, एकेक करून, घड्या न मोडता. जवळच एकजण फरशी पुसत होता.

"घेऊन जाशील का? धुतलेले आहेत."

"सगळे?"

"सगळे."

"मग तुम्ही काय घालणार बाबा?"

"शिवीन," बाबुराव म्हणाले.

त्यांनी मशीन टॉवेलात आणि चादरीत गुंडाळून सूटकेसमध्ये बसवलं आणि पुन्हा काउंटर गाठला. मुलीने काट्यावरचा आकडा बघितला, एक चिठ्ठी पुढे सरकवली. "मोडलंबिडलं तर कंपनी जबाबदार नाही. इथं साइन करा."

"तुमच्या कंपनीने बनवलेलं नाही ते," बाबुराव सही करत म्हणाले. "मोडायचं नाही."

पहिल्यांदाच तिने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

तपासणीच्या रांगेत फोटो, फोन, घड्याळ सगळं प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये ठेवायचं होतं. जवान म्हणाला, "फ्रेम पालथी ठेवा, अंकल. काच आहे."

"सुलटीच जाऊ दे," बाबुराव म्हणाले.

केशरबाई छताकडे बघत रबराच्या काळ्या पट्ट्यांखाली गेल्या. मागच्या ट्रेमधला फोन वाजू लागला. पडद्यावर सुमितचं नाव होतं. बाबुरावांनी तो ट्रेही पुढे ढकलला आणि दोन्ही हात पसरून ते तपासणीला उभे राहिले.