साहेबाचे पाय

गोकुळदास शिडीवर चढला होता, हातात झेंडूचा हार, आणि खालून नवे प्राचार्य विचारत होते, "अहो, हे काय? यांना कसला हार?"

"खंडेनवमी न्हय सर आज? लेथाक घातलो, ड्रिलाक घातलो. सायबाक घालूक नको?"

डिचोलीच्या त्या तंत्रशाळेत गोकुळदास शिपाई होता. वर्कशॉपच्या भिंतीवर एका विलायती साहेबाचं जुनं रंगीत चित्र होतं. भोपळ्याएवढं डोकं, झुपकेदार मिशा, काळा कोट आणि खाली काटक्यांसारखे दोन पाय. खाणीवरच्या कुणा इंजिनियरनं ते शाळेला भेट दिलेलं. विलायतेत गरिबांच्या पोरांना हाताचं कसब शिकवायच्या शाळा ज्यांनी आधी काढल्या त्यांतला हा एक, एवढंच जुन्या प्राचार्यांनी सांगितलं होतं. बाकीचं गोकुळदासनं आपल्या मनानं जुळवलं. बिचाऱ्याचे पाय लहानपणीच वाळले असणार, आमच्या दीपाच्या पायासारखे. तरी पठ्ठ्यानं केवढं काम केलं!

दीपा त्याची एकुलती एक लेक. पोलिओनं तिचा डावा पाय गेला, तेव्हा त्यांच्या गावच्या, लाटंबार्सेच्या, बायका नुसत्या चुकचुकल्या. गोकुळदास मात्र तिला म्हणायचा, "रडतंस कित्याक गो? सायबाचे दोनूय पाय तसले. तुजो एकच." एवढ्या बळावर त्यानं तिला शाळेत धाडली, मग इथं मोटर वायंडिंग शिकायला आणली. उद्या दसऱ्याला ती डिचोलीच्या बाजारात स्वतःचं दुकान उघडणार होती.

"गोकुळदास, अहो, हे व्यंगचित्र आहे," प्राचार्य म्हणाले. "तिकडच्या वर्तमानपत्रांत मोठ्या माणसांची अशी गमतीची चित्रं यायची. डोकं मोठं, पाय बारीक. माणूस चांगला धडधाकट होता."

मुलं फिदीफिदी हसली. प्राचार्य तसे सज्जन, मुलांना दटावून म्हणाले, "घाला, घाला तुम्ही हार." गोकुळदासनं घातला, पण तो सरळ बसला की नाही हे त्यानं वळून पाहिलं नाही.

गोवा नुकतंच वेगळं राज्य झालेलं; बाहेर कचेरीच्या पाटीवर पेंटर 'गोवा राज्य' अशी नवी अक्षरं रंगवत होता. एरवी गोकुळदास थांबून दोन शब्द बोलला असता. आज तो मान खाली घालून तसाच पुढं गेला. लेकीला आपण जन्मभर खोटं सांगितलं. उद्या दुकानात कुणी हसत हसत तिला हेच ऐकवलं तर? त्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं.

घरी दीपानं पक्कड, टेस्टर, तांब्याच्या तारेचं रीळ पाटावर मांडून गंध-फूल वाहिलं होतं. गोकुळदास उंबऱ्यातच बसला.

"बाय, एक सांगूचा आसा. तो सायब… तेचे पाय…"

"बरे होते. माका म्हायत आसा."

गोकुळदासनं मान वर केली.

"पयल्याच वर्सा मास्तरांनी सांगलेलां. सगळो वर्ग हसलो."

"मगे माका सांगलंस नाय कित्याक?"

"सांगून काय करू? तू इतक्या मायेन हार घालतालस." दीपानं पाटावरचं एक फूल उगाच नीट केलं. "आनी बाबा, मी काय सायबाच्या पायांनी चललंय? पावसात तुज्या पाठीर बसान बशीच्या थांब्यार येतालंय."

गोकुळदासला भरून आलं. एवढी शहाणी लेक आपल्या पोटी आली, आणि आपण तिला साहेबाच्या गोष्टी सांगत बसलो! त्यानं सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. मग हळूच विचारलं,

"म्हणजे तेचे पाय खरेच बरे होते?"

"एकदम बरे."

"बरां जालां गो," गोकुळदास म्हणाला. "बिचाऱ्याक दुखत तरी नाय होता."