तहकूब सभेतले सात हात

“सभा असली की जायचं, बाई. पाय दुखत असले तरी जायचं, आणि सभेच्या दाराला कुलूप लागलेलं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय घर गाठायचं नाही.”

शिवणकारखान्याचं पाळणाघर उभं करणाऱ्या आक्का एवढं सांगून देवाघरी गेल्या. त्यांच्यामागे पाळणाघर सांभाळणाऱ्या मावशींना हे शब्द तोंडपाठ होते. पण पाठ असणं वेगळं आणि ऐन वेळी आठवणं वेगळं.

कारखाना कामगारांच्याच भागीदारीतला. यंदाच्या वार्षिक सभेपुढे मोठा विषय एकच होता, पाळणाघराची खोली एका व्यापाऱ्याला गोदामासाठी द्यायची की नाही. ऐकताच मावशींना पाळणाघरातली तान्ही आठवली. कॉलर शिवणारीचं बाळ तर अजून मानही धरत नव्हतं. ते कुठे जायचं?

आणि मग, कधी नव्हे ती, मावशींना एक युक्ती सुचली. काज-बटणाच्या टेबलाशी जाऊन त्या हळूच म्हणाल्या, “आपण सभेला गेलोच नाही तर? पुरेशी माणसं नसली की सभा होत नाही म्हणतात. सभाच नाही, तर खोली कोण देणार?”

“अगंबाई, मावशी! देवाचं नाव घेता घेता हे कधी शिकलात?” काजं करणारी हसून म्हणाली. निरोप या मशीनवरून त्या मशीनवर गेला.

सभेच्या संध्याकाळी मावशी अंगणातल्या नळाशी उगाच कळशी विसळत उभ्या राहिल्या. खिडकीतून अध्यक्षांचा आवाज आला, “गणसंख्या पूर्ण नाही. सभा तहकूब.” खुर्च्या सरकल्या. दोघं-तिघं आळस देत बाहेर आले. मावशींनी तिथेच डोळे मिटून देवाला हात जोडले आणि भरलेली कळशी नळाखालीच विसरून कॉलर शिवणारीचं घर गाठलं.

“तहकूब म्हणजे रद्दच ना, मावशी?”

“रद्दच गं. आता वर्षभर घोर नाही. आणि ऐक, माझ्या जिवात जीव आहे तोवर तुझं बाळ उघड्यावर पडणार नाही. देवाला स्मरून सांगते.”

मावशींचे यजमान कारखान्यात कापड बेतायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्या रात्री मास्तर उशिरा आले, खाली मान घालून जेवले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. दमले असतील, असं मावशींना वाटलं.

सकाळी नेहमीचा जप आटोपून त्या कारखान्यात गेल्या. पाळणाघराची किल्ली कुलपात जाईना. उलटी घातली, पदराने पुसून घातली. मग लक्षात आलं, कुलूपच नवं आहे. त्यांनी मागे वळून पाहिलं. अंगणात भिंतीला लागून पाळणे रचले होते, एकावर एक, पाय वर करून. सर्वांत वरच्या पाळण्यात एक खुळखुळा अडकून राहिला होता.

तशाच त्या अध्यक्षांच्या खोलीत गेल्या. अध्यक्ष पूर्वी कोर्टात कारकून होते. बोलताना कायदा आल्याशिवाय राहायचा नाही, म्हणून बायका पाठीमागे त्यांना ‘कलमवाले’ म्हणत.

“काल सभा तहकूब झाली ना?” मावशींनी दारातूनच विचारलं.

“झाली. आणि अर्ध्या तासाने पुन्हा भरली.”

“पुन्हा? रद्द झालेली सभा?”

“तहकूब म्हणजे रद्द नव्हे, मावशी. मूळ शब्द अरबी. तवक्कुफ. म्हणजे थांबणं, थबकणं. दरबारातून कचेरीत आला, कचेरीतून आपल्या तोंडी रुळला. वाटसरू झाडाखाली टेकला, म्हणून त्याचा प्रवास संपतो का? उठतो आणि पुढे चालतो. आणि आपल्या नियमाप्रमाणे तहकूब सभेला गणसंख्या लागत नाही. हजर असतील तेवढे पुरे.”

“किती होते?”

“सात. सातही हात वर.” ते थोडे घुटमळले. “तुम्हाला घरी कळलं असेल असं वाटलं मला. पहिला हात मास्तरांचाच होता.”

मावशींना बाहेर जमू लागलेल्या बायकांचा गलका एकाएकी लांब गेल्यासारखा वाटला. खोली देण्याच्या विरोधातली माणसं आपण निवडून निवडून घरी बसवली, आणि आपल्याच घरातला माणूस तेवढा मोजायचा राहिला!

कापण्याच्या टेबलापाशी मास्तर कात्री हातात धरून नुसते उभे होते.

“विजेचं कापयंत्र घेणार आहेत त्या भाड्यातून,” ते कापडाकडे बघत म्हणाले. “माझं मनगट आता कात्री धरत नाही गं. तुला सांगायचा धीर झाला नाही.”

“मनगट दुखतं हेही नाही सांगितलंत,” मावशी म्हणाल्या. एवढंच.

बाहेर बायका जमल्या होत्या. “तुम्हीच म्हणालात येऊ नका,” काजं करणारी म्हणाली. आज ती हसत नव्हती. “आम्ही आलो असतो तर हात आमचे जास्त होते.”

मावशींना ते टोचलं, पण खोटं काय होतं त्यात?

कामाचा भोंगा झाला तशी कॉलर शिवणारी बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत राहिली. तिच्या मशीनवर कॉलरचा गठ्ठा येऊन पडला होता.

मावशींनी पुढे होऊन बाळ तिच्या हातून घेतलं. “तू जा कामाला. अंगावर पाजायच्या वेळी माझ्या घरी ये, चार पावलांवर तर आहे.”

“तुमच्या घरी? आणि मास्तर?”

“बाहेरच्या खोलीत त्यांचा पलंग आहे. तो निघेल.”

बाळाला एका हाताने छातीशी धरून मावशींनी दुसऱ्या हाताने सर्वांत वरचा पाळणा खाली ओढला, कमरेशी टेकवला आणि कुणाकडे न बघता त्या फाटकाबाहेर पडल्या.